पापनाशमची पानं

साठ वाट्या होत्या आणि प्रत्येकीत भाताच्या पानाचा एक तुकडा, त्यावर पान गुंडाळणारी एक अळी. तीस पानं विनुतानं मातीतल्या जिवाणूंच्या पाण्यात बुडवली होती, तीस नुसत्या पाण्यात. दोन वर्षांत तिनं तंजावरच्या आसपासच्या शेतांतले दोनशे अकरा जिवाणू तपासले होते. एकानंही अळी मारली नव्हती. हा शेवटचा; या महिन्यात प्रयोगाची मुदत संपत होती. पानं सांबशिवकाकांच्या पापनाशमच्या शेतातली आणली होती, कारण तिथं नऊ वर्षांत कीटकनाशक पडलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तिनं जिवाणूंच्या वाट्या उघडल्या आणि बाकीच्या तशाच ठेवून आधी काकांना फोन लावला.

"काका, मेल्या! तीसच्या तीस!"

"मरतील नाही तर काय गे!" काका खुशीत हसले. "दोन वर्षं तुझं तोंड उतरलेलं बघवेना. तू पानं न्यायला येणार म्हणालीस, तर आदल्या दिवशी शेजारच्या रघुरामाचा पंप आणला आणि मारलं थोडं मरुंदु, किडीचं औषध."

"पानांवर?"

"मग कशावर? तुझ्या सरांना मात्र सांगू नको हो."

विनुतानं फोन खाली ठेवला. एखादी तरी हलेल म्हणून तिनं उरलेल्या वाट्या एकेक करून उघडल्या, प्रत्येक अळीला ब्रशच्या टोकानं दोनदा डिवचलं. मग वहीत लिहिलं :

नुसतं पाणी. अळ्या तीस. जिवंत शून्य.