ओट्यामागचा पाइप

पाण्याची धार थेट एवारिस्तोच्या छातीवर आली, तेव्हा त्याच्या हातातलं ड्रिल अजून फिरतच होतं.

अंगणातला मुख्य नळ बंद करून तो परत आला, तोवर स्वयंपाकघरभर पाणी झालं होतं. नेल्बाबाई घरातले सगळे टॉवेल आणून गुडघ्यांवर बसल्या होत्या.

"काय झालं हो, मिस्त्री?"

सकाळीच त्यांनी बजावलं होतं, पाइप खिडकीपासून तिरका खाली जातो, जरा जपून. त्यांच्या नवऱ्याने, ओरोस्मानने, दर रविवारी थोडा थोडा करत स्वतः घातलेला. त्यावर एवारिस्तो हसला होता. "बाई, तीस वर्षं कपाटंच बसवतोय मी."

आता त्याने गिलावा फोडला. आत करड्या प्लास्टिकचा जुना पाइप होता आणि त्यात एक स्वच्छ, गोल भोक. त्याच्याच ड्रिलच्या मापाचं. बाईंना ते दिसू नये म्हणून तो सरकून त्याच्यासमोर बसला.

"जुनं प्लास्टिक आहे, बाई," मागे न वळता तो म्हणाला. "कडक होतं, मग आपोआप तडकतं."

नेल्बाबाईंनी हातातला टॉवेल करकचून पिळला.

"तरी मी म्हणत होते, प्लंबर बोलवू या! तर म्हणे, मला काय हात नाहीत? आता स्वतः गेला आणि निस्तरायला मला ठेवलं." तशाच ओल्या हातांनी त्यांनी मोंतेविदेओला मुलीला फोन लावला. "सिल्वाना, तुझ्या बाबांची करणी बघ. नव्या कपाटांची वाट लागली. हातात कसब आहे, कसब आहे म्हणून सगळ्या पायसांदू गावाला सांगत फिरले मी..." त्यांनी फोन ठेवून दिला.

एवारिस्तो पाइप कापत होता. वळणावर भिंत घासू नये म्हणून ओरोस्मानने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेने बांधली होती. तारेचं टोकसुद्धा आत दुमडलेलं. कापलेला तुकडा एवारिस्तोने दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. तडकला नाही. त्याचे कान तापले.

"उगाच तुम्हाला त्रास," नेल्बाबाई मागे येऊन उभ्या होत्या. "सगळे भिजलात. हा घाला, त्याचाच आहे. धुतलेला आहे."

त्यांच्या हातात इस्त्री केलेला निळा शर्ट होता. एवारिस्तोने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"बाई, पाइप चांगला होता." त्याने तुकडा त्यांच्यापुढे धरला. "मीच भोक पाडलं. तुम्ही सांगितलं होतं, तरी."

नेल्बाबाईंनी तुकडा घेतला, उजेडाकडे धरून पाहिला. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी शर्टाची घडी नीट करून खुर्चीवर ठेवली, पुन्हा नंबर फिरवला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"मला सांगून काय होतंय? तिला सांगा."

पलीकडे लगेच उचलला गेला. "आई, बाबांबद्दल आता एक शब्द बोलू नकोस. मला नाही ऐकवत."

एवारिस्तोने फोन कानाशी घट्ट धरला.

"मी सुतार बोलतोय, ताई," तो म्हणाला.