चौथी शिवण

पितळेच्या कड्या, बावीस.

बारडोलीच्या साखर कारखान्याच्या ताडपत्र्या शुक्रवारी पोचवायच्या.

गणेशने मिशी काढली. मंगळवारी.

रुक्मिणीचे दात किती सारखे आहेत, हे सखारामला लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर कळलं.

हे सगळं एका शिडापायी.

सुताचे व्यापारी भूपेंद्रभाई शेठ यांनी बिलिमोऱ्याहून लहानशी शिडाची होडी बांधून आणली होती आणि ती मगदल्ल्याच्या बंदरात लावली होती. शनिवारी निघायचं, रविवारी परतायचं, एवढीच हौस. आत दोघांना आडवं होता येईल अशी फळी, रॉकेलचा स्टो, पाण्याचे कॅन, कंदील. ही जुळवाजुळव शेठच्या कारखान्यातला फिटर गणेश करत होता. कप्प्या, दोरखंड, कड्या, दोरा, सगळं त्याने निवडून आणलेलं. शीड मात्र सुरतेत लिंबायतच्या सखारामकडे आलं, कारण ताडपत्र्या शिवायचं जाड मशीन त्याच्याकडे होतं.

कापड गल्लीभर पसरलं. गणेश एका टोकाला ओणवा झाला आणि म्हणाला, वहिनी, जरा दुसरं टोक धरा. रुक्मिणीने धरलं. मग तिने विचारलं की समुद्रात रस्ता कसा कळतो. गणेश काहीतरी म्हणाला आणि ती हसली.

अकरा वर्षांत तिने सखारामला जे विचारलं ते मिठाबद्दल, रॉकेलबद्दल आणि भाड्याबद्दल.

शेजारची शोभाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. "सखारामभाऊ, तुमच्या घरी समुद्रच आला की," ती म्हणाली. "वहिनीबी पाण्याला लागली."

सखाराम मशीनला तेल घालत राहिला. भोक कधीच भरलं होतं, तेल खाली गळत होतं.

गणेश रोज येऊ लागला. कधी माप चुकलं म्हणून, कधी कडी लहान पडली म्हणून. तो आपल्याच खानदेशातला, तापीकाठच्या प्रकाशा गावचा, एकटा राहणारा. त्याला चहा नाही कसा म्हणणार? सखाराम मशीन चालवता चालवता 'वहिनी' मोजायचा. बुधवारी एकोणीस झाले.

"इतला गप काब बठनात?" त्या रात्री जेवताना रुक्मिणीने विचारलं.

"काही नही," सखाराम म्हणाला.

शिडाचे पाच पट्टे होते, म्हणून शिवणी चार. गुरुवारी चौथी घालायची होती. आधीच्या तिन्ही शिवणी त्याने गणेशच्या नायलॉनच्या दोऱ्याने घातल्या होत्या. चौथीच्या वेळी रुक्मिणी नळावर गेली होती. सखारामने रीळ बदललं आणि गोण्या शिवायचा जुना सुती दोरा लावला. रंग सारखाच पांढरा. मेण चोळल्यावर तर ओळखूच येईना.

त्याला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. भर पाण्यात, शेठच्या डोळ्यांदेखत शीड फाटलं पाहिजे, एवढंच. दोरा कुणी आणला? गणेशने. शेठ त्याला त्याच दिवशी कामावरून काढतील आणि लिंबायतच्या त्या गल्लीत पुन्हा कुणी टोक धरा म्हणायला येणार नाही.

शुक्रवारी तो टेम्पोत ताडपत्र्या घालून बारडोलीला गेला. कारखान्यावर माल उतरवून, पावती घेऊन परतायला संध्याकाळ झाली. त्या रात्री त्याला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

शनिवारी गणेश शीड न्यायला आला. घडीवर हात फिरवत म्हणाला, "दादा, उद्या पहिली फेरी. खाडीच्या तोंडापर्यंतच. शेठ म्हणतात, शिवणारा माणूस नावेत पाहिजे. वहिनींनाही आणा."

"माले ताप शे," सखाराम म्हणाला.

रविवारी ताप अंगात घेऊन तो रिक्षाने मगदल्ल्याला गेला आणि बंदरात उभ्या असलेल्या एका ट्रकमागे थांबला.

शीड चढलं तेव्हा त्यालाही ते सुंदर वाटलं, आणि त्याचाच जास्त राग आला. शेठ आणि गणेशला घेऊन होडी खाडीच्या तोंडाशी गेली. दुपारचा वारा सुटला. सखाराम त्या चौथ्या शिवणीकडे बघत होता, इतक्या लांबून ती दिसत नव्हती तरी. आता. आता फाटेल.

वारा वाढला. शीड फुगलं. होडी एका अंगावर झुकली, अजून झुकली, आणि पाण्यावर आडवी झाली.

मच्छिमारांनी शेठला वर काढलं. शिडाची दोरी नव्या कप्पीत अडकली, गणेश ती सोडवायला गेला आणि आडवा वासा त्याच्या डोक्यात बसला, असं शेठ सांगत होते. गणेश मंगळवारी सापडला.

रुक्मिणी रडली. सखारामने तेही मोजलं, आणि मग मोजणं सोडून दिलं.

चौथ्या दिवशी तो शेठच्या पेढीवर गेला. उभ्यानेच सांगितलं. मधल्या कुठल्याशा नाही, चौथ्या शिवणीला, सुती दोरा, जाणूनबुजून. फाटणार हे माहीत होतं. पोलिसांत द्यायचं तर द्या.

भूपेंद्रभाईंनी समोरची वही मिटली. त्यांचा डावा हात गळ्यात बांधलेला होता.

"सखारामभाई," ते म्हणाले, "सढ तो फटा ही नहीं."

शीड फाटलंच नाही? सखारामला कळेना.

"फट जाता तो हवा निकल जाती. नाव सीधी हो जाती. गणेश आज होता." शेठनी मान फिरवली. "ऐसी मजबूत सिलाई मैंने देखी नहीं."

शुक्रवारी दुपारी, नवरा बारडोलीला गेलेला असताना, मशीनवर गोण्यांच्या दोऱ्याचं रीळ तसंच राहिलेलं बघून रुक्मिणीने चौथी शिवण उसवून नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी घातली होती. त्याच्या हातून दोरा चुकला हे कुणाला कळू नये म्हणून.