पाठमोरी

एकोणीसशे अडुसष्ट सालच्या हिवाळ्यात, राजवाड्याच्या पहिल्याच चौकात सून चुकली. “डाव्या हाताला राणीसाहेबांचं देऊळ,” असं म्हणून तिने आपला डावा हात लांब केला आणि सगळ्या पाहुण्यांनी तिकडे माना वळवल्या. तिकडे झाडू, बादल्या आणि रंगाचे रिकामे डबे होते.

“राणीसाहेब स्वच्छतेच्या फार भोक्त्या होत्या वाटतं,” मागून पोपट म्हणाला. हशा पिकला.

पोपट हा राजवाड्यातला दुसरा गाईड. बोलायला लागला की श्वास घ्यायलाही थांबत नसे, म्हणून हे नाव. पहिल्या मानाचे गाईड म्हणजे सुनेचे सासरे, मामंजी. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. उरली नुसती कुजबुज. मुलाने त्यांची जागा घ्यावी, तर तो चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की घामाघूम व्हायचा. शेवटी सून म्हणाली, मी करते. व्यवस्थापक साहेबांनी बरेच आढेवेढे घेतले आणि तिला एक फेरी करून दाखवायला सांगितलं. जमली तर मामंजींचा पितळी बिल्ला घरात राहणार होता. नाही तर पोपटाचा मेहुणा टपूनच बसला होता.

सुनेला सगळं तोंडपाठ होतं. मामंजी रोज सकाळी बाहेरच्या खोलीत मोठ्याने सराव करायचे, ती स्वयंपाकघरात भांडी घासता घासता ऐकायची. कोणता महाल कोणी बांधला, कोणतं देऊळ कोणत्या विजयानंतर उभं राहिलं, राजधानी हलली तेव्हा कोण कोण रडलं, सगळं. पण ते कानांनी. राजवाड्यात तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. गावातल्या माणसाला गावातलं बघायला सवड कुठे असते? आणि पाहुण्यांकडे तोंड करून उलटं चालणारा गाईड ‘डावीकडे’ म्हणताना स्वतःचा उजवा हात उचलतो, हे कानांना कसं दिसणार?

उलटं चालणं हा तर मामंजींचा धर्मच. पाहुण्याला पाठ दाखवायची नाही. सुनेलाही त्यांनी घरामागच्या बोळात उलटं चालायला शिकवलं होतं.

दुसऱ्या चौकात तिचा हात पुन्हा चुकला. मग पायरीला टाच अडली आणि ती पडता पडता वाचली. फेरी पारखायला बरोबर आलेल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. वहिनी दमल्या असतील तर दरबार आपण दाखवतो, असं पोपट फार मायेने सुचवू लागला. घोळक्याबरोबर आलेले मामंजी गळ्याभोवतीचा मफलर आवळत खाली बघत होते.

सून गर्रकन वळली. तिने सगळ्यांकडे पाठ केली.

मामंजींची काठी फरशीवर जोरात आपटली. तिने मागे पाहिलं नाही.

“मीही इथे आज पहिल्यांदाच आलेय,” ती पुढे बघतच म्हणाली. “चला, बरोबरच बघू.”

मामंजी तिथूनच माघारी फिरले, तडक घरी.

पुढे अरुंद, अंधारी वाट होती. ती पुढे, पाहुणे मागे. वाट संपली आणि दरबार एकदम अंगावर आला. उंचच उंच छत, रंगीत काचांतून उतरलेला उजेड, समोर रिकामं सिंहासन आणि त्यामागच्या खिडकीत ओळीने देवळांचे कळस. सून दारातच थबकली. “अगंबाई,” एवढंच तिच्या तोंडून निघालं. मागे सगळ्यांच्या माना वर गेल्या. मग ती बोलू लागली. शब्द मामंजींचेच होते, पण आता ते जे दिसेल त्याला जाऊन चिकटत होते. डावं ते डावं, उजवं ते उजवं. देवळांपाशी पोचेपर्यंत दुसऱ्या घोळक्यातली माणसंही तिच्या मागे येऊन मिळाली होती. साहेबांना घड्याळाची आठवण राहिली नव्हती. शेवटच्या देवळाच्या ओट्यावर त्यांनी स्वतः तिच्या हातात बिल्ला ठेवला.

साहेब पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले आणि घरी पाहुणे आले की त्यांना तिच्याच फेरीला पाठवत राहिले. पोपटाने महिनाभर तिची टर उडवली, मग हळूच सरळ चालायला लागला. म्हातारपणी तो सांगायचा की ही युक्ती मुळात त्याचीच. नवरा तिकीटखिडकीत बसला आणि न बोलता सुखी झाला. सुनेने कितीतरी मुली हाताखाली तयार केल्या. आता तिथे बायकाच बायका गाईड आहेत.

त्या पहिल्या फेरीनंतर मामंजी आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. बोलता येतच नव्हतं, पण तेही त्यांनी मुद्दाम केलं. मग एका सकाळी स्वतःचं तिकीट काढून ते तिच्या घोळक्यात शिरले. जन्मभर ते त्या दरबारात पाहुण्यांचे चेहरे बघत, उलटे शिरले होते. अंधारी वाट संपली, तसे ते दारात उभेच राहिले. मग सुनेच्या कानाशी येऊन कुजबुजले, “अगं, आत येताना हे असं दिसतं होय?”