थंड पीठ

ताईबाईंनी डब्यात मनगटापर्यंत हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"हिलाल, हाई मनं पीठ नई. थंडं शे."

गिरणीत उभ्या तिघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हिलालभाऊंनी मोटार बंद केली. तीस वर्षांत त्यांच्याकडे कुणाचं दळण बदललं नव्हतं, आणि या आठवड्यात अशी तक्रार चौथ्यांदा आली होती.

"अक्का, तुमचंच आहे," त्यांची मुलगी सारिका पुढे झाली. ती जळगावला भौतिकशास्त्राचं एम.एस्सी. करत होती, सुट्टीत घरी आली होती. "मी दगडांना टाकी लावून नव्या खाचा पाडून घेतल्या, वेग कमी केला, बेअरिंग बदलले. आधी बरीच वीज नुसती घासण्यात वाया जायची. तीच उष्णता होऊन पिठात उतरायची, म्हणून ते गरम निघायचं."

बायकांना त्यातलं 'बदलले' एवढंच ऐकू आलं. एकीने आपला न दळलेला डबा उचलला.

गावात गरम पीठ म्हणजे डोळ्यांसमोर दळलेलं, आपलं. थंड म्हणजे कालचं, दुसऱ्या कुणाचं. सारिकाने आपल्या वहीत ज्या उष्णतेला तोटा म्हटलं होतं, ती वडिलांच्या सचोटीची साक्ष होती. तिला हे आत्ता कळलं. सगळं पुन्हा पहिल्यासारखं करायला तिने पान्याकडे हात नेला.

"राहू दे," हिलालभाऊ म्हणाले. "गिरणी चांगली चालतेय." पण त्यांचं लक्ष दाराकडे जाणाऱ्या डब्यावर होतं.

ताईबाई सारिकाच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत उडीद मिसळताना या वेळी त्यांच्या हातून ते जरा जास्तच पडले होते. ते जिभेला लागलेच; पीठ त्यांचंच होतं. त्यांनी मूठभर पीठ घेतलं, मूठ घट्ट मिटली आणि पोत्यावर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने उठल्या आणि दारातल्या बाईच्या तळहातावर मूठ रिकामी केली.

"देख वं, कोमट शे. मनंच शे."

बाईने पिठातून बोट फिरवलं. मान हलवली. तिचा डबा रांगेत परत आला आणि गिरणी सुरू झाली.

सारिकाला राहवेना. तिने ताईबाईंच्या कानाशी तोंड नेलं. "अक्का, ती ऊब तुमच्या हाताची होती."

"मले ठाऊक शे वं माय," डबा कडेवर घेत ताईबाई म्हणाल्या. "तुन्या गिरणीमा कमी पडनी, ती मी घाली."