झाकलेलं ताट

काटा पुन्हा तिथेच येऊन थांबला. तपासनीस बाईने कचऱ्याची पिशवी उतरवली, झटकली, परत टांगली. काट्याला काही दया आली नाही.

"ताई, हे शेवटचं घर तुमच्या मुळावर उठलंय," गाडीवाला म्हणाला. "म्हातारी एकटी, अंगाने काडी, आणि कचरा टाकते वऱ्हाड जेवल्यासारखा!"

तिला हसू आलं नाही. 'वाया घालवू नका' ही मोहीम तिनेच उभी केली होती. शाळा जमली होती; मुलं डबे चाटूनपुसून घरी नेत होती. दुकानदारही कुरकुरत का होईना, खोकी परत पाठवू लागले होते. अडलं होतं ते घरांपाशी. या गल्लीतल्या एकूण एक घराचा कचरा घटला तरच मोहीम पुढे चालेल, नाहीतर गाशा गुंडाळा, असं साहेबांनी बजावलं होतं. उद्याचं वजन शेवटचं. मोहीम बुडाली की तिची नोकरीही बुडाली. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. मिळवणारी ती एकटी.

तिने पिशवीची गाठ सोडली. वर साली, देठं. त्याखाली रोजच्यासारखं एका माणसाचं पुरतं जेवण. भात, भाजी, फळाची फोड. एक घासही मोडलेला नव्हता.

तिने त्या घराचं दार वाजवलं. म्हाताऱ्या मावशींनी हसून तिला आत घेतलं. ओट्यावर पातेलं रटरटत होतं.

"मावशी, एकट्या जिवाला एवढं कशाला रांधता?"

"एकटीला कुठे? मुलगा आहे की." मावशींनी आच मंद केली. "भांडून गेलाय. मेलो तरी तुझा उंबरा ओलांडणार नाही म्हणाला. बोलला म्हणजे बोलला, बापावर गेलाय. मग मीच रात्री मागच्या पायरीवर ताट झाकून ठेवते. तिथे यायला उंबरा लागत नाही."

आपल्या युक्तीवर त्या स्वतःच खुदकन हसल्या.

"त्याची एक खोड आहे बघ. झाकण उलटं करायचं, मांडीवर घ्यायचं, आणि त्याच्यावर ताट. मांडी पोळते म्हणायचा लहानपणी. घोडा झाला तरी तसंच. जेवण झालं की झाकणासकट ताट खाली ठेवणार आणि निघणार. उचलायला आई आहेच!"

"आणि आला का कधी?"

मावशींनी पातेल्यावर झाकण ठेवलं. ते जरा वाकडं बसलं, म्हणून नीट केलं.

"अजून नाही."

इथेच उठायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे नवऱ्याची औषधं आली, उद्याचा काटा आला, आणि जीभ सुटली.

"मावशी, यायचा असता तर आतापर्यंत आला असता. तो येत नाही आता. कुणासाठी रोज अन्न मातीत घालताय?"

मावशींचा हात झाकणावरच राहिला. आत पाणी उकळत होतं.

"खरं आहे पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "अन्न वाया घालवू नये." आणि त्यांनी शेगडी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा जेमतेम हलला. गाडीवाल्याने शीळ घातली. तिने तिथेच, रस्त्यात, मनातल्या मनात हात जोडले. साहेब फोनवर म्हणाले, "शाब्बास, चालू ठेवा." केवढी ही धाकधूक, आणि एका रात्रीत सुटलो! आधी मावशींना सांगावं, त्यांचे पाय धरावेत, असं तिला वाटलं.

पुढचं दार बंद होतं. ती वळसा घालून मागे गेली. मावशी मागच्या दारात, उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते.

"मावशी, तुमच्यामुळे वाचलो आम्ही सगळे!"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"काल रांधलं नाही मी," त्या म्हणाल्या. "पण पायरी मोकळी बघवेना. म्हणून नुसतंच ताट झाकून ठेवलं. सकाळी दार उघडलं, तेव्हापासून हात लावलेला नाही."

तिने पायरीकडे पाहिलं. झाकण उलटं होतं. त्याच्यावर ताट, अलगद ठेवलेलं. कोरडं आणि लख्ख.