तारेची दोन टोकं

‘संगणक माणसाचा वेळ वाचवतो’ असं हिंगोलीच्या त्या कॉलेजातल्या लॅबच्या भिंतीवर निळ्या रंगात ठळक लिहिलेलं होतं. त्या वाक्याखाली बसून पोरं एक फाईल उघडायची वाट पाहत होती. दोघं जण मधल्या वेळेत चहा पिऊन आले. फाईल अजून उघडतच होती.

प्रमोद सर्व्हरपुढं मांडी घालून बसला होता. हा लिनक्सचा सर्व्हर नांदेडच्या ज्या दुकानानं बसवला, त्या दुकानाचा तो इंजिनिअर. पोरांच्या प्रॅक्टिकलच्या सगळ्या फाईली या एकाच यंत्रात, आणि तिथून त्या तारांमधून लॅबभर जायच्या. जायच्या म्हणजे रांगायच्या. ही त्याची चौथी खेप. पहिल्या खेपेला त्यानं तारा बदलल्या. दुसऱ्या खेपेला तारांची टोकं बदलली. तिसऱ्या खेपेला बदलायला काही उरलं नव्हतं, म्हणून सगळं खोलून पुसलं.

दर खेपेला लॅब असिस्टंट दिपा राठोड टॉर्च धरून उभी राहायची आणि दुपारी आपला डबा पुढं सरकवायची. भाकरीबरोबर ठेचा असायचा. दोष लवकर सापडावा ही प्रमोदची इच्छा खेपेगणिक कमी होत गेली होती.

तरी चौथ्या खेपेला तो सापडलाच.

“हे बघा मॅडम,” तो म्हणाला, “ही सर्व्हरची तार जाते त्या पेटीत, स्विचमधी. सर्व्हर समजतो, दोघांनी एकाच वेळी बोलायचं अन् ऐकायचं. स्विच समजतो, आळीपाळीनं. म्हणून मधी धडका होऊन राहिल्या.”

“मंग बराबर कोण?” दिपानं विचारलं.

“दोघंबी. फक्त दोघांचं एकमत पाहिजे.”

“सासू-सुनंवानी हाय हे,” दारातून जळबा शिपाई म्हणाला. “दोघी संगट बोलल्या तरी चालतं, पाळीनं बोलल्या तरी चालतं. एक पाळी धरून बसली अन् दुसरी बोलतच राहिली, की झाला कल्ला.”

दिपाच्या देखतच प्रमोदनं दोन्ही टोकं एकमतावर आणली: दोघांनीही एकाच वेळी बोलायचं अन् ऐकायचं. फाईल उघडली. इतकी पटकन उघडली, की ज्या पोरानं उघडली ते दचकून मागं सरकलं.

स्विचचा पासवर्ड त्यानं दिपालाच ठरवायला लावला. “तुमच्यापाशीच राहू द्या. मला सांगू नका, मी विसरतो.”

प्राचार्य आले. त्यांनी फाईल उघडली, बंद केली, परत उघडली.

“शाब्बास! मग आता तो देखभालीचा करार कशाला करायचा? बिघडलं तर फोन करू. न्हाई बिघडलं तर तुमीबी मोकळे, आमीबी मोकळे.”

ते गेल्यावर दिपानं टॉर्च उगीचच एकदा लावून बंद केला.

“म्हंजे आता येणं न्हाई.”

“बिघडलं तर येईन.”

“पण बिघडत न्हाई म्हणता ना?”

“न्हाई बिघडत,” प्रमोद म्हणाला. इंजिनिअर म्हणून याहून वेगळं उत्तर त्याला देता येईना.

दिपा डबा धुवायला गेली. लॅबमध्ये कुणी नव्हतं. चार खेपांत ज्या माणसाच्या तोंडून तारांवाचून एक वाक्य निघालं नव्हतं, त्यानं सर्व्हरच्या सेटिंगच्या फाईलीत एक शब्द बदलला. स्विच एकाच वेळी बोलणार, सर्व्हरनं मात्र आता आळीपाळीनं बोलायचं. बदल लागू व्हायचा तो सर्व्हर एकदा बंद होऊन चालू झाल्यावर, म्हणजे लाईट गेल्यावर. हिंगोलीत लाईट जाण्यासाठी नवस बोलावा लागत नाही.

परतीच्या एसटीत त्यानं पाचव्या खेपेचं वाक्य पाठ केलं: “मॅडम, तुमच्याशी नेटवर्क सोडून बोलायचंय.”

पाचव्या खेपेचा फोन आला नाही. दुकानातला फोन वाजला की प्रमोद झडप घालायचा, आणि पलीकडे कुणाचा तरी प्रिंटर कागद खात असायचा. आठवडे गेले. प्राचार्यांचा फोन आला तो थेट मालकाला: “तुमच्या पोरानं काय काम केलं हो! लाईट दहादा गेली, पण फाईल अडली न्हाई.” मालकानं प्रमोदचा पगार वाढवला. प्रमोदचं तोंड आणखीच उतरलं.

शेवटी एक दिवस सुट्टी टाकून तो निघाला. वाटेत आखाडा बाळापूरला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं, असंही त्याला वाटून गेलं. उतरला नाही.

लॅबमध्ये फाईली पळत होत्या. त्यानं सर्व्हर उघडून पाहिला. त्याचा शब्द तिथंच होता, लागूही झालेला होता. आळीपाळी. म्हणजे सगळं रांगायला हवं होतं. प्रमोदनं डोकं खाजवलं. आपली बेइमानीसुद्धा नीट होत नाही, हे त्याला फार लागलं.

“कोणी बोलावलं तुमाला?”

दारात दिपा उभी होती.

“कोणी न्हाई. सहज.”

“सहज!” तिचा आवाज चढला. “मी इथं रोज सकाळी फाईल उघडून पाहून राहिले, आज तरी अडंल, आज तरी अडंल. अन् हे सहज येऊन राहिले! मंग आधी काहून न्हाई आले?”

पोरांनी मॉनिटरमध्ये डोकी घातली.

“मॅडम, तुमच्याशी नेटवर्क सोडून बोलायचंय.”

“मंग बोला की. अडवलं कोणी?”

प्रमोदनं तोंड उघडलं. पण हाडाचा इंजिनिअर, आधी शंका फिटायला हवी होती.

“बोलतो. त्याआधी जरा स्विच दाखवा.”

“तो काहून?” दिपा एकदम खालच्या आवाजात म्हणाली.

“सहज.”

तिनं पासवर्ड स्वतःच टाकला आणि खिडकीबाहेर पाहत उभी राहिली. प्रमोद वाकला.

स्विचही आळीपाळीवर होता.