माशांचा घास

“अगं, आधी माशांचा घास घेऊन जा,” म्हणत ह्यांनी डाव्या हाताने ताटातला पहिला घास बाजूला काढला. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी परसातलं तळं ह्यांनीच खणलं, तेव्हापासूनचा हा नेम. शेवाळही रोज सकाळी हेच बांबूच्या काठीला गुंडाळून काढायचे. थोडं मुद्दाम ठेवायचे, पिल्लांना लपायला.

पक्षाघाताने ह्यांना खिडकीजवळच्या खाटेवर पाडलं आणि काठी माझ्या हाती आली. दुखऱ्या खांद्यांना ती झेपेना. तळं हिरवं झालं. “मासे दिसत नाहीत गं,” हे रोज कुरकुरायचे. शेवटी परवा मी सुपारीच्या फवारणीतून उरलेले मोरचुदाचे निळे खडे मूठभर घेतले आणि पाण्यात टाकले.

शेवाळ खाली बसलं, पाणी नितळलं. आज पहाटे सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. हे जागे व्हायच्या आत मी ते केळीखाली पुरले.

“तळ दिसतोय की आज! म्हातारपणी बरी कामाला लागलीस,” हे कित्येक महिन्यांनी हसले. “मासे कुठायत?”

“उन्हाचे कमळाखाली बसलेत.”

“मग टाक घास. येतील.”

मी काठावर गेले. पाण्यात पडलेलं शीतन् शीत खिडकीतून दिसलं असतं. मी तिकडे पाठ करून वाकले आणि तो घास माझ्याच तोंडात कोंबला.

“खाल्ला का गं त्यांनी?” मागून हाक आली.

तोंड भरलेलं होतं. मी नुसती मान हलवली.